मॅथ्स घेऊन पुढं काय, मामीच्या फोनवरून

परवा रात्री मामीचा फोन. ताट वाढून घेतलेलं तरी उचलला, कारण मामी सहसा फोन करत नाही, सकाळी व्हॉट्सॲपवर फुलं पाठवते तेवढंच. "अगं, हिला समजाव की जरा. बारावीला मॅथ्समध्ये ९४ आहेत आणि म्हणतीय इंजिनिअरिंग नको, बीएस्सी मॅथ्स करायचंय. मॅथ्स घेऊन पुढं काय करणार ही, मास्तरीण होणार?" मागून मामेबहिणीचा आवाज, "ताई, तूच सांग आता हिला."

दोघींनाही मी आपल्याच बाजूची वाटते, पंचाईत तिथेच आहे. मी बीएस्सी मॅथ्स केलं, एमएस्सी केलं, दीड वर्ष मास्तरीण होते आणि आता पुण्यात एका कर्ज देणाऱ्या कंपनीत डेटाचं काम करते. म्हणजे दोघींच्याही बाजूने साक्ष देऊ शकते. फोनवर नुसतंच हं हं केलं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय, लिंक दोघींना पाठवेन.

पहिलं म्हणजे ते ९४ बाजूला ठेवा. बारावीचं मॅथ्स म्हणजे गणित बघायचं, कुठल्या टाइपचं आहे ते ओळखायचं, साच्यात बसवायचं आणि उत्तर काढायचं, हात बसला की झालं. मलाही चांगले मार्क होते आणि त्या जोरावर मी कोल्हापूरला कॉलेजात गेले. एफवायला पहिल्या महिन्यात सरांनी फळ्यावर एक फंक्शन काढलं, शून्यापाशी अक्षाच्या खाली, दोनपाशी वर, मध्ये सलग रेघ. म्हणाले मध्ये कुठेतरी ते शून्य होतं, सिद्ध करा. वर्ग हसला. मी उठून म्हटलं, सर, पेन न उचलता रेघ काढायची तर मध्ये अक्षाला कापणारच की, त्यात सिद्ध काय करायचं. सर म्हणाले, बरं, आता समज तुझ्या अक्षावर फक्त अपूर्णांकच आहेत, परिमेय संख्या, बाकी काही नाही. फंक्शन घे x चा वर्ग वजा दोन. शून्याला त्याची किंमत वजा दोन, दोनला अधिक दोन. मध्ये शून्य कुठे होतं सांग. आणि खडू ठेवून दिला. दोनचं वर्गमूळ परिमेय नाही हे दहावीलाच पाठ केलेलं, त्यामुळे तिथे माझ्या अक्षाला चक्क भोक होतं आणि माझी रेघ त्या भोकातून निघून गेली होती. म्हणजे ते 'कापणारच की' माझ्या पेनामुळे खरं नव्हतं, संख्यारेषेला भोकं नाहीत म्हणून खरं होतं, आणि भोकं नाहीत म्हणजे नेमकं काय, हे सांगायला पुढचं अख्खं सेमिस्टर लागलं. हॉस्टेलवर येऊन त्या रात्री जेवले नाही मी. (मेसची आमटी हेही कारण होतं.)

सांगायचं हे की कॉलेजातलं मॅथ्स हे असं असतं. उत्तर बहुतेक वेळा माहितीच असतं, ते का खरं आहे ते लिहायचं असतं, आणि एका ओळीवर दोन-दोन दिवस अडकून बसायचं असतं. वर्गातले पैकीच्या पैकीवाले दोघं-तिघं पहिल्याच वर्षी कंटाळून गेले आणि काठावर पास होणारा एक पोरगा आज पीएचडी करतोय. मराठी मीडियमवाल्यांचं अजून एक वेगळं झेंगट, जीवेला कॉर्ड आणि त्रिज्येला रेडियस म्हणायची सवय अकरावीत लागते, पण इंग्रजीत प्रूफ लिहायची वेळ आली की "लेट" आणि "सपोज" च्या पुढे पेन सरकत नाही. दुसऱ्या वर्षापर्यंत सरकतो, घाबरू नये.

आता नोकरी. मामी, मास्तरीण या शब्दात तुझा जो सूर होता त्याबद्दल आधी एक. देवळालीचे गणिती कापरेकर आयुष्यभर शाळामास्तरच होते. कुठलीही चार अंकी संख्या घे, सगळे अंक सारखे नकोत एवढंच. समज ३५२४. अंक उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. परत तेच, ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. परत, ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि ६१७४ चं परत केलं तरी ६१७४ च. कुठूनही सुरू कर, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येतेस. जगभर याला कापरेकर कॉन्स्टंट म्हणतात. तर मास्तर असण्यात कमीपणा काही नाही.

कमीपणा मास्तरांच्या पगारात आहे. मी एमएस्सी करून सेट (कॉलेजात शिकवायची राज्याची पात्रता परीक्षा) पास झाले आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले, म्हणजे सीएचबी. जितके तास घेतले तितक्याचे पैसे, तेही महिन्याला नाही, बिल मंजूर झालं की चार-पाच महिन्यांनी एकदम. परीक्षा, दिवाळी, उन्हाळा यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. शिकवायला मला मनापासून आवडायचं, आणि तेच तर ऐकवतात ना आपल्याला, आवड आहे ना मग. कायमच्या जागा निघतात कधी आणि भरतात कधी याची वाट बघत माझ्याबरोबरचे काही जण पस्तिशीला आलेत. म्हणून शिकवायचंच असेल तर नुसत्या एमएस्सी आणि सेटवर न थांबता नेटची (देशपातळीवरची तशीच परीक्षा) जेआरएफ, म्हणजे रिसर्चची फेलोशिप घे, पीएचडीचे पैसे तरी मिळतात, सध्या महिन्याला ३७ हजार आहेत. पेपर अवघड असतो. पार्ट सी मध्ये एका प्रश्नाला पावणेपाच मार्क, चारपैकी एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि बरोबर असलेले सगळे पकडले तरच ते मार्क, एक सुटला की भोपळा.

एमएस्सी कुठे करायची याने फार फरक पडतो, हे मला उशिरा कळलं कारण आमच्याकडे कुणी सांगितलंच नाही. जॅम नावाची परीक्षा असते, फेब्रुवारीत, त्यातून आयआयटीत एमएस्सीला जाता येतं. आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) आणि चेन्नईचं सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) यांच्या वेगळ्या प्रवेश परीक्षा, आणि या दोन ठिकाणी तर बारावीनंतरच जाता येतं. मामी, हे वाच, बारावीनंतरच! अर्ज वेळेत करावे लागतात, आमच्या गावात बारावीच्या वर्षी नीट आणि सीईटी सोडून तिसरं नाव कुणाच्या तोंडात नसतं, तोवर तारीख गेलेली असते. तिथे नाही जमलं तरी बीएस्सी करता करता उन्हाळ्यात एमटीटीएसचा, म्हणजे मॅथ्सच्या ट्रेनिंगचा कॅम्प असतो, चार आठवडे, प्रोफेसर कुमरेसन यांनी १९९३ ला सुरू केलेला. तिथे सर उत्तर सांगतच नाहीत, प्रश्नावर प्रश्न विचारत राहतात. माझी मैत्रीण जाऊन आली ती बदलूनच आली. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहे, गणिती श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ ला काढलेलं, आणि बीएस्सीच्या मुलांसाठी माधव मॅथेमॅटिक्स कॉम्पिटिशन असते. नंबर नाही आला तरी पेपर सोडवून बघ.

माझ्या बॅचचं काय झालं विचारशील तर, दोन बँकेत, एक सांगलीत क्लास काढून आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कमावतोय, एकीने एमसीए केलं, एकजण ॲक्च्युअरी होतोय. हे ॲक्च्युअरी म्हणजे इन्शुरन्सचा हप्ता किती ठेवायचा, माणसं किती जगतील, कंपनीने बाजूला किती पैसे ठेवावेत असलं गणित करणारे लोक. फेलो व्हायला तेरा पेपर, नोकरी करत करत द्यायचे, तो गेली कित्येक वर्षं लग्नांना येत नाही, दर वेळी याचा पेपर असतो.

माझी नोकरी तशी आयती नाही मिळाली. तीन इंटरव्ह्यूत विचारलं, पायथन येतं का? येत नव्हतं. एसक्यूएल? नाही. मग काय येतं? मी म्हटलं ग्रुप थिअरी. तो माणूस चांगला होता, हसला नाही. मग सहा महिने घरी बसून ते प्रोग्रॅमिंग आणि डेटाबेसचं शिकले, तेव्हा कुठे घेतलं. आणि पहिल्याच महिन्यात एक गंमत झाली. रिग्रेशन चालवत होते, कुठला ग्राहक किती थकवेल याचा अंदाज, ऑफिसमध्ये सगळे बटण दाबून करतात. मी सूत्र वहीत मांडून बघितलं. समज तीनच ग्राहक आहेत, तर त्यांच्या थकबाकीचे तीन आकडे म्हणजे खोलीत कुठेतरी लटकलेला एक ठिपका. अंदाजासाठी माझ्याकडे दोन कॉलम, उत्पन्न आणि आधीचं कर्ज, तर त्या दोघांपासून बनणारे सगळे अंदाज म्हणजे एक सपाट पृष्ठभाग, जमीनच समज. ठिपका जमिनीवर नाही, मग त्याच्या सगळ्यात जवळचा जमिनीवरचा बिंदू कुठला? लंब टाका!! नववीच्या भूमितीत बाईंनी पट्टी मारून शिकवलेला लंब. हजारो ग्राहक घेतले की खोली डोळ्यासमोर येत नाही पण लंब तोच, एसवायला लिनिअर अल्जिब्रात प्रोजेक्शन म्हणून सिद्ध केलेला. तेव्हा परीक्षेपुरतं लिहिलं होतं. टीममधल्या इंजिनिअर पोराला सांगितलं तर तो म्हणाला, अच्छा, असं आहे होय, आणि हेडफोन लावले.

म्हणून मामी, नोकऱ्या आहेत, पण डिग्रीच्या नावात नोकरीचं नाव लिहिलेलं नाही, ते पोरीला स्वतः जोडून घ्यावं लागेल. आणि तू गं, करणार असशील तर एसवायपासूनच पायथन आणि स्टॅटिस्टिक्स हातात घे, माझ्यासारखी चोविसाव्या वर्षी नको.

मॅथ्स झेपेल का, हे मार्कांवरून कळत नाही म्हटलं ना, म्हणून मी तिला परवाच एक कोडं पाठवलं. मांडवात कुठलीही सहा माणसं उचल, त्यांच्यात एकमेकांना ओळखणारे तिघं तरी सापडतात, नाहीतर एकमेकांना अजिबात न ओळखणारे तिघं तरी. पाच माणसांत असं होईलच असं नाही. का ते लिहून पाठव, गूगल नाही. काल दिवसभर काही नाही, मामीचा मात्र मेसेज, काय दिलंयस तिला, जेवायला उठंना. आज सकाळी वहीच्या पानाचा फोटो आलाय. ठिपके, रेघा, खाडाखोड, तीन केसेस केल्यात. दोन बरोबर आहेत. तिसरी चुकलीय, पण कुठे ते मी अजून सांगितलेलं नाही.