दीड फुटाचा बोर्ड आणि गेटवरच्या काकू

खिडक्या पुसायला बाहेरचा माणूस बोलवायचा, हे साताऱ्यातल्या बऱ्याच घरांना अजून पचत नाही. टाकी धुवायला माणूस येतो, सोफा धुवायला येतो, पेस्ट कंट्रोलवालाही येतो. खिडकी मात्र घरातल्या बाईनं स्टुलावर चढून जुन्या पेपरनं पुसायची, असं ठरून गेलंय. मी आधी एका वर्कशॉपमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बनवायचो, बसवायचो. बसवलेल्या खिडकीची दोन-चार पावसाळ्यांत काय दशा होते ते बघत होतो, म्हणून त्याच साफ करून द्यायचा धंदा काढला. दोन पोरं, शिडी, वायपर, ब्लेडचं स्क्रॅपर, बादल्या. भांडवल म्हणून एवढंच.

आमच्याकडच्या खिडक्यांची दुखणी दोन. यवतेश्वरच्या डोंगराच्या बाजूनं पाऊस आडवा येतो, पश्चिमेच्या काचांवर आपटतो आणि धूळ-माती धुऊन खालच्या ट्रॅकमध्ये नेऊन बसवतो. त्या ट्रॅकला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती बुजली की पाणी घरात येतं आणि शिव्या खिडकी बसवणाऱ्याला बसतात. मी त्या खाल्ल्यात. दुसरं दुखणं बोअरच्या पाण्याचं. लोक पाइप लावून काचा धुतात, पाणी तसंच वाळतं आणि क्षाराचे पांढरे ठिपके उरतात. ते फडक्यानं निघत नाहीत. सौम्य आम्ल लावून काढावे लागतात, तेही अ‍ॅल्युमिनियमला लागू न देता. हे सगळं सांगितलं की माणूस लगेच हो म्हणतो. पण सांगायचं कधी आणि कुणाला?

पेपरात पत्रकं टाकून झाली होती. ती डायनिंग टेबलावरून थेट रद्दीत जातात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलं तर वर सुप्रभात, खाली सुप्रभात आणि मधे आपण.

बोर्डाची कल्पना मोबाइलवर आली. अमेरिकेतले खिडक्या साफ करणारे आपल्या कामाचे व्हिडिओ टाकतात आणि मी ते धंद्यासाठी बघतोच. आपण वापरतो तो रबरी पट्टीचा वायपर आजच्या रूपात आणला तो एटोरे स्टेकोने नावाच्या, इटलीतून अमेरिकेला गेलेल्या एका खिडक्या पुसणाऱ्यानंच, 1930 च्या दशकात. तर तिकडे काम संपलं की घरमालकाला विचारून घरापुढच्या हिरवळीत एक छोटा बोर्ड रोवतात. साधारण 18 बाय 24 इंच, आतून पोकळ नळ्यांचं प्लॅस्टिक, खाली तारेचे दोन पाय. पाय नळ्यांत खुपसायचे आणि मातीत दाबायचे. जाता-येता शेजारी वाचतात. तिकडे बऱ्याच घरांना पुढं कंपाउंडच नसतं, म्हणून ते जमतं.

इथं घरापुढं भिंत, भिंतीला गेट, गेटच्या आत पेव्हर ब्लॉक आणि त्यावर कुत्रं. जिथं माती उघडी आहे तिथं चार बोटांखाली मुरूम लागतो, तार वाकते. तेव्हा रोवायचा विचार सोडला आणि बोर्ड गेटलाच बांधायचा असं ठरवलं.

पोरांचं म्हणणं वेगळं होतं. "दादा, पोलला बांधू की. क्लासवाल्यांचे सगळे पोललाच हायेत." हायेत हे खरं. पण विजेच्या खांबावर पोरं चढवायला मी तयार नव्हतो, आणि झाडाला खिळा ठोकणं मला बघवत नाही. शिवाय या बाबतीत साताऱ्याच्या माणसानं तरी अडाणीपणाचं सोंग घेऊ नये. राज्यभरच्या बेकायदा होर्डिंगवर मुंबई उच्च न्यायालयाचा 2017 च्या जानेवारीतला जो निकाल आहे, तो सुस्वराज्य फाउंडेशन या सातारच्याच संस्थेच्या याचिकेवरचा. याचिका 2011 ची. महापालिका असो की नगरपालिका, तो सगळ्यांना लागू आहे.

मग वाटलं, घर त्यांचं, गेट त्यांचं, मालक हो म्हणाला की झालं. ओळखीच्या एका वकिलांना सहज विचारलं तर ते हसले. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा 1995 चा कायदा 'लोकांच्या नजरेस पडणारी जागा' असं म्हणतो, आणि रस्त्यावरून दिसणारं खाजगी कुंपण, भिंतसुद्धा त्यात येते. दोषी ठरलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्या घरात ज्याचा धंदा चालतो त्या धंद्याच्या पाटीला सूट आहे. माझा धंदा गिऱ्हाइकाच्या बंगल्यात चालत नव्हता. तेव्हा नगरपालिकेची लेखी परवानगी हवीच.

परवानगीचं काम मला वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही, वेळ मात्र लागला. साधा अर्ज, बोर्डाचं माप आणि मजकूर, पत्त्यांची यादी, प्रत्येक घरमालकाचं संमतीपत्र, किती दिवस लावणार ते, आणि फी. तिथल्या माणसांना सवय मोठ्या फ्लेक्सची. दीड बाय एक फुटाच्या बोर्डासाठी रीतसर अर्ज आलेला बघून एक जण म्हणाले, "एवढ्याशा पाटीला कोण अर्ज करतं?" पण अर्ज घेतला. मे 2024 मध्ये घाटकोपरला होर्डिंग पडून 17 माणसं गेली, तेव्हापासून बोर्ड म्हटलं की सगळीच कचेरी जपून सही करते, आणि त्यात मला गैर काही दिसलं नाही. हा जो शिक्का मिळाला त्याचा नंतर वेगळाच उपयोग झाला. दारात गेलो की परवानगीची झेरॉक्स आधी दाखवायचो. सरकारी शिक्का दिसला की आपल्याकडे माणूस खुर्ची देतो.

बोर्ड बनवायला प्रेसमध्ये गेलो. तिथं त्या पोकळ प्लॅस्टिकला सनपॅक म्हणतात. फ्लेक्सपेक्षा हलकं, ताठ, पावसाला दाद न देणारं. यात एक बारकी गोष्ट आहे, ती नीट सांगतो. सनपॅकमधल्या नळ्या ज्या दिशेनं जातात त्या दिशेला ते वाकत नाही, आडवं मात्र पटकन दुमडतं. अमेरिकेत तारेचे पाय खालून खुपसायचे म्हणून नळ्या उभ्या लागतात. आपण गेटच्या गजांना डावीकडून-उजवीकडून बांधणार, म्हणजे नळ्या आडव्या हव्यात. नाहीतर वारा सुटला की बोर्ड मधोमध पुस्तकासारखा मिटतो. प्रेसवाला कागद कापायच्या सवयीनं शीट उभं कापायला निघाला होता, त्याला थांबवून आडवं कापून घेतलं. नळ्यांची उघडी तोंडं टेपनं बंद केली, कारण त्यात पाणी, माती आणि मुंग्या सगळं जातं. भोकांना आयलेट, म्हणजे धातूच्या बारीक कड्या, मारून घेतले आणि बांधायला प्लॅस्टिकच्या केबल टाय घेतल्या. तार गेटचा रंग खरवडते, आणि ज्याच्या गेटचा रंग गेला तो परत दारात उभा करत नाही.

मजकुरावर मात्र खूप डोकं लढवलं. प्रेसवाल्यानं डिझाइन केलं त्यात चमचमती काच, एक हसणारी परदेशी बाई, आमच्या सगळ्या सेवांची यादी आणि वर 'क्लीनिंग सोल्युशन्स'. मी साधा हिशेब केला. गल्लीतून गाडी 30 च्या वेगानं गेली तर सेकंदाला आठ मीटर जाते. बोर्ड दिसल्यापासून मागे पडेपर्यंत तीन-चार सेकंद. त्यात आपलं देवनागरी. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, मधे जोडाक्षर, म्हणून तेवढ्याच उंचीत इंग्रजीपेक्षा अक्षराचा गाभा लहान होतो. कागदावर वेगवेगळ्या मापांत छापून घेतलं, शेजारच्या गेटला चिकटवलं आणि पोराला गाडीवरून जायला सांगितलं. दोन इंचांखालचं त्याला काही वाचता आलं नाही. मग बाई गेली, यादी गेली. एक ओळ, एक नंबर, बाकी मोकळी जागा.

ती ओळ मी लिहिली होती: 'या घराच्या खिडक्या आम्ही साफ केल्या.' सदर बझारमधल्या एका काकूंना संमतीसाठी नमुना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या खिडक्या घाण होत्या, हे गावाला सांगायचंय होय रे?" मला उत्तर सुचेना. त्यांनीच पेन मागून घेतलं, संमतीपत्राच्या मागं लिहिलं: 'या घराच्या खिडक्यांची निगा आम्ही राखतो.' तेच छापलं. जाहिरात एजन्सीला पैसे देऊनही मला हे मिळालं नसतं.

रंगाचं ज्ञान गोडोलीच्या एका निवृत्त मास्तरांनी दिलं. पिवळ्यावर लाल अक्षरं गेटवर दिसली की लोक 'भाड्याने देणे आहे' समजून बेल वाजवतात, असं ते म्हणाले. शिवाय उन्हात लाल लवकर उडतो, निळा त्या मानानं टिकतो. म्हणून पांढऱ्यावर गडद निळं.

आता जागा. माझ्या डोक्यात पोवई नाक्याकडे जाणारे रस्ते होते, जितकी वर्दळ तितका फायदा. सगळे बोर्ड तिथं लावता आले नाहीत, कारण तिथले बरेच जण दुकानदार, बंगलेवाले थोडे. उरलेले शाहूपुरीच्या आतल्या गल्ल्यांत, विलासपूरला, गोडोलीत गेले. वेळ निवडली पितृपक्षाची. या दिवसांत नवीन खरेदी कुणी काढत नाही, पण घट बसायच्या आधी घर झाडून-धुऊन निघालं पाहिजे, गोधड्या-चादरी वाळत पडल्या पाहिजेत, हे आपल्याकडे प्रत्येक घरात असतं. गणपतीत लावले असते तर मंडळांच्या शुभेच्छांखाली माझा दीड फूट दिसलाच नसता.

फोन आला की मी एकच प्रश्न विचारायचो, कुठून कळलं? उत्तर वहीत लिहायचो. थोड्याच दिवसांत वहीत एक गंमत दिसायला लागली. मोठ्या रस्त्यावरच्या बोर्डांवरून जवळजवळ कुणीच फोन करत नव्हतं. फोन यायचे ते आतल्या गल्ल्यांतून, आणि त्यातही बोर्डावरचा नंबर बघून थेट केलेले थोडेच. बाकीचे सांगायचे, "त्या कोपऱ्यावरच्या ताईंनी तुमचा नंबर दिला." बोर्डावर नंबर असताना ताईंना का विचारलं? कारण आपल्या माणसाला नंबर नको असतो, चौकशी करायची असते. किती घेतले, पोरं कशी आहेत, घरात पाणी सांडलं का, परत बोलवाल का. बोर्ड बघून माणूस थांबतो आणि गेटवर जी बाई उभी असेल तिला विचारतो. माझी जाहिरात त्या बाईच्या तोंडून व्हायची.

सदर बझारच्या त्या काकूंचं घर गल्लीच्या टोकाला, पुढं रस्ताच नाही. वर्दळीच्या हिशेबानं तिथं बोर्ड लावणं वायाच. पण संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या बायका तिथूनच वळतात आणि काकू त्या वेळी झाडांना पाणी घालत असतात. सगळ्यात जास्त कामं त्या गेटवरून आली. ऐकायला मिळालं ते असं, की काकू बायकांना आत नेऊन ट्रॅकमधली भोकं दाखवायच्या. "हे बघ, इथून पाणी जातं, मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं." त्याउलट एका देखण्या, दुमजली बंगल्याच्या गेटवर बोर्ड लावला होता. मालक पुण्यात, घरात फक्त राखणदार. तिथून एकही फोन आला नाही.

तेव्हापासून घर निवडताना रस्ता बघत नाही, गेटवर कोण उभं असतं ते बघतो. मोबदला म्हणून पुढच्या सफाईत सूट देतो. काहींना ती नको असते. मास्तरांनी सूट नाकारली आणि 'बोर्डाची तारीख संपली की स्वतः येऊन काढून न्यायचा' अशी अट घातली. ही अट मी सगळ्यांनाच लावून घेतली. पंधरा दिवस झाले की बोर्ड उतरवतो, पुसून ठेवतो. महिनाभर तोच बोर्ड दिसला की तो गेटचाच भाग होतो, कुणी वाचत नाही. परवानगीची मुदत असते हा भाग वेगळाच.

फ्लॅटच्या सोसायट्यांत हे सगळं लागू पडत नाही. तिथं गेट सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही, आणि सेक्रेटरींची संमती मिळाली तरी विचारायला गेटवर भेटतो तो वॉचमन. एका सोसायटीत बोर्ड नोटीस बोर्डावर, पाणीपट्टीच्या थकबाकीदारांच्या यादीशेजारी लागला. यादी सगळ्यांनी वाचली.

दिवाळीनंतरच्या अर्जात शाहूनगरचे पत्ते घातलेत. तिथं डोंगराच्या अंगाला वारा जास्त, म्हणून चारऐवजी सहा आयलेट मारायला प्रेसवाल्याला सांगितलंय. दोन संमतीपत्रं यायची राहिलीत. त्यातलं एक ज्या घरचं आहे, तिथल्या आजी संध्याकाळभर गेटवर खुर्ची टाकून बसतात, त्यामुळं त्यांच्याकडे मी परवा स्वतः जाणार आहे.