फेसातला गळ

सप्टेंबरची अखेर होती. आंबोलीच्या एका ओढ्यात धोंड्यांमागे अडकलेला मळकट फेस मी चमच्याने बाटलीत भरत होते. वाट दाखवायला आलेले काका बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "म्याडम, ह्यो फेस कशाक होयो तुमका?"

ओढ्यात कुजणाऱ्या पानांवर वाढणाऱ्या सूक्ष्म बुरशींचे बीजाणू या फेसात अडकतात, मला ते हवे होते. आदल्या वर्षी हाच फेस मी नुसता बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेला होता. पोचेपर्यंत बीजाणूंना अंकुर फुटले, एकही जात धड ओळखू येईना. अख्खी फेरी वाया गेली, ते फार लागलं होतं. या वेळी फॉर्मलिन, अ‍ॅसिटिक आम्ल आणि अल्कोहोलचं मिश्रण काठावरच बाटलीत घातलं.

मुक्कामावर स्लाइडला निळा रंग देऊन सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि श्वासच अडकला. जागोजाग हातपाय फुटल्यासारखे ट्रायसेलोफोरस मोनोस्पोरस, मधेच चंद्रकोरीसारखे लुन्युलोस्पोरा कर्व्ह्युला. उष्ण प्रदेशातल्या ओढ्यांची ही खास मंडळी. काकांना बोलावलं. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, "ह्यो तर बावीतली कळशी काडूचो गळ!"

याहून नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. वाहत्या पाण्यात गोल बीजाणू घसरून जाईल. या गळाची टोकं मात्र बुडालेल्या पानाला टेकली की तो तिथेच रुजतो. १९४२ साली बुरशींचे अभ्यासक इंगोल्ड यांनी इंग्लंडमधल्या ओढ्यातल्या कुजक्या पानांवर या बुरशींचा एक अख्खा मेळाच दाखवून दिला. तोवर फारसं कोणी तिकडे पाहिलंच नव्हतं.

पण एकट्या फेसावर विसंबता येत नाही. फांद्या असलेले बीजाणू त्यात सहज अडकतात, सुतासारखे लांब मात्र निसटतात. म्हणून पानं हवीत. मी धडधाकट पानं उचलत होते. काकांनी मऊ पडलेलं, चाळण झालेलं जांभळाचं पान पुढे केलं, "ह्यां घ्या, किड्यांनी खाल्लेलां." बरोबरच होतं. बुरशी आधी पान मऊ करते, मगच अळ्या त्याला तोंड लावतात. ओढ्यातल्या कित्येक जिवांचं अन्न असं शिजतं.

पानांचे तुकडे चंबूत टाकून, माशांच्या टाकीचा पंप लावून हवा सोडली. रात्री वीज गेली, पंप थांबला. पाणी खळाळलं नाही तर या बुरशी बीजाणू फारसे सोडतच नाहीत. मग कंदिलाच्या उजेडात मी आणि काका आळीपाळीने चंबू हलवत बसलो. पहाटे चारला वीज आली तेव्हा माझे दोन्ही खांदे भरून आले होते. काका "आणि हलवतंय मी" म्हणत होते.

दोन दिवसांनी पाणी बारीक गाळणीतून गाळलं. फेसात एकदाही न दिसलेला लांब, वळणदार अँग्विलोस्पोरा लॉन्जिसिमा तिथे होता. सर्वांत जास्त सापडला तो काकांनी निवडलेल्या जांभळाच्या पानाच्या चंबूत.