बंपर, बोनेट आणि गिअरबॉक्स कमी खर्चात पाठवताना: माझा अनुभव

मोटारीच्या बंपरचं वजन साधारण पाच किलो. पार्सलचं बिल मात्र नव्वद किलोचं येतं, कारण तिथे पैसे वजनाचे नसून जागेचे असतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक कुरिअरवाले धरतात त्या 5000ने भागायची. 170 × 60 × 45चं खोकं असेल तर उत्तर 91.8, म्हणजे 92 किलो. काट्यावरचं वजन आणि हे घनफळाचं वजन, यांत जे जास्त त्यावर बिल. म्हणून दर विचारायच्या आधी मी टेप लावतो, आणि खरी बचतही तिथेच होते.

तेच खोकं रुंदीत आणि उंचीत 5-5 सेंमी आवळलं, 170 × 55 × 40 केलं, की वजन 75 किलोवर येतं. आत एक ग्रॅमही कमी न करता 17 किलोचे पैसे वाचले. ते 5 सेंमी मिळवायला फॉग लॅम्प, जाळी आणि नंबर प्लेटची पट्टी सोडवायची आणि वेगवेगळी गुंडाळून बंपरच्याच पोकळीत बसवायची. जाड फोम फक्त दोन्ही कोपऱ्यांना, खालच्या ओठाला आणि फेंडरला अडकणाऱ्या कानांना. मधल्या सपाट भागाला पातळ फोमशीट पुरते. तयार खोक्यात बंपर शोधत बसू नका. पाच पदरी पुठ्ठ्याचे दोन ताव घेऊन, घडीच्या जागी बोथट सुरीने दाबरेघ ओढून बंपरच्या मापाचं खोकं वळवलेलं केव्हाही बरं.

खोकं लहान करण्यासाठी काही जण बंपरची टोकं आत दुमडून पट्टीने आवळतात. रंगवलेल्या बंपरला हे करू नये. रंगाला प्लास्टिकइतका ताण सोसत नाही, वाकल्या जागी केसासारख्या भेगा पडतात. कान मुळाशी पांढरे होतात आणि गाडीवर बसवताना तिथेच तुटतात. दुमडलेला बंपर मी पाठवतही नाही आणि मागवतही नाही.

पार्सल कंपन्यांचं दुसरं माप म्हणजे लांबी अधिक घेर. घेर = 2 × (रुंदी + उंची). आवळलेल्या खोक्याचं हे माप 170 + 190 = 360 सेंमी होतं. ही मर्यादा कंपनीनुसार 300 ते 400च्या आसपास असते, त्यामुळे एकीकडे बंपर घेतात, दुसरीकडे नाकारतात किंवा जादा पैसे लावतात. बोनेट 150 × 130 × 10 धरलं तर घनफळाचं वजन 39 किलोच, पण लांबी अधिक घेर 430. ते पार्सलने जवळपास जातच नाही, थेट ट्रान्सपोर्टचा पार्ट लोड (ट्रकमध्ये इतरांच्या मालासोबत थोडी जागा) गाठावा लागतो.

गिअरबॉक्सचं गणित उलटं. 60 × 50 × 45चं खोकं घनफळाने 27 किलो, प्रत्यक्षात 35-40. इथे काट्याचं वजन चालतं, आणि एका माणसाने उचलायची मर्यादा बऱ्याच ठिकाणी 30 किलोच्या आसपास असते. म्हणून तोही पार्ट लोडनेच.

पार्ट लोडवाल्याला फोनवरच विचारून घ्यायचं: भाजक किती धरता, कमीत कमी किती किलोचे पैसे लावता, गोडाऊन ते गोडाऊन दर काय आणि दारापर्यंतचा काय. भाजक 3000 निघाला तरी दचकू नका. किलोमागचा दर इतका कमी असू शकतो की एकूण बिल कुरिअरपेक्षा खाली येतं. किमान बिल 100 किलोचं असेल आणि आपला माल 60 भरत असेल, तर उरलेल्या 40 किलोत दरवाजा किंवा सायलेन्सर फुकट जातो. पत्ता घराऐवजी गॅरेजचा दिला तर माल उतरवायला माणसं आणि जॅक असतात. लिफ्टवाल्या गाडीचा जादा खर्च टळतो.

आता बांधणी. गिअरबॉक्सचं तेल काढलं म्हणजे तो रिकामा झाला असं नाही. ड्राइव्हशाफ्टची भोकं खाली करून रात्रभर तिरका ठेवला की आणखी बरंच निथळतं. मग त्या भोकांना प्लास्टिकचे बूच, वर टेप. गळका माल ट्रान्सपोर्टवाला परत करतो, आणि शेजारच्याच्या मालावर तेल सांडलं तर भरपाई आपल्याकडून. पॅलेटवर (माल बांधायच्या लाकडी पाटावर) गिअरबॉक्स बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिनला जोडणाऱ्या घंटेसारख्या भागाच्या, तोंडावर उभा करायचा. इनपुट शाफ्ट (इंजिनकडून फिरणारा दांडा) बाहेर येत असेल तर फळीला भोक पाडायचं. बेलहाउसिंगच्याच भोकांतून बोल्ट, फळीखाली रुंद वॉशर. इंजिन असेल तर भार माउंटिंगखालच्या लाकडी ठोकळ्यांवर घ्यायचा. पत्र्याचं संप (इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं) जमिनीवर टेकलं की पहिल्याच खड्ड्यात चेपतं आणि आतली तेलाची जाळी दाबली जाते.

तयार 120 × 80च्या पॅलेटवर 170चा बंपर दोन्ही बाजूंना 25-25 सेंमी बाहेर येतो आणि नेमका तोच भाग आपटतो. त्यासाठी लांब फळी वेगळीच ठोकावी लागते. बोनेट आडवं कधीच नाही. उभं, कडांना चिरलेला फोमपाइप. चारी कोपऱ्यांचे लाकडी खांब मालापेक्षा 5 सेंमी उंच ठेवायचे. ‘वर माल ठेवू नये’ ही चिठ्ठी हमाल वाचेल न वाचेल, खांब भार घेतातच.

परदेशी जहाजाने पाठवायचं असेल तर ते लाकूड आयएसपीएम 15चा (लाकडातून कीड पसरू नये म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का असलेलं हवं, म्हणजे सहसा गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं. प्लायवुडला हा नियम नाही, म्हणून मी प्लायच वापरतो.

एअरबॅग, सीटबेल्टचा प्रिटेन्शनर (धडकेच्या वेळी पट्टा आवळणारा भाग), ॲसिडची बॅटरी आणि पेट्रोलचा वास येणारी टाकी धोकादायक मालाच्या नियमांत येतात. बोनेट, दरवाज्यांच्या मालात यातलं काही लपवून घातलं तर सगळा माल अडकतो. स्टिअरिंग किंवा डॅशबोर्ड पाठवताना एअरबॅग आत राहिली नाही ना, हे दोनदा बघायचं.

विम्यात काच आणि जुने पार्ट बहुधा वगळलेले असतात, ते आधी वाचून घ्यायचं. बांधणीच्या प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचा, शेवटच्या फोटोत टेप लावलेलं माप दिसलं पाहिजे; गोडाऊनमध्ये माप वाढवून लिहिलं तर तोच पुरावा. माल घेणाऱ्यालाही आधी सांगून ठेवायचं: बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) सही करण्यापूर्वी खोकं फिरवून बघ, कोपरा चेपला असेल तर ‘डावा कोपरा चेपलेला, आतून तपासलेलं नाही’ असं सहीच्या वर लिही, आणि त्या कागदाचा फोटो गाडी हलायच्या आत काढ.