झालं एकदाचं सबमिट!
मोबाईल ॲपच्या कॉन्टेस्टची डेडलाईन आज रात्री 12 ची, आणि आमचं ॲप कसलं तर गोव्यातली रायबंदर-चोडण फेरीबोट आत्ता कुठल्या धक्क्यावर आहे ते दाखवणारं. सकाळी टेस्टिंगला बोटीत चढलो तर मांडवीच्या मधोमध रेंज गेली नि मॅपवरचा निळा ठिपका रायबंदरलाच चिकटून बसला, जीपीएसला नेट लागत नाही हे माहीत असूनही मी लोकेशन सर्व्हरवरून फिरवून आणत होतो, गाढवपणा दुसरं काय! मग धक्क्यावरच लॅपटॉप उघडून सगळं आधी फोनमधल्या एसक्यूलाइटमध्ये (म्हणजे नेटशिवाय चालणाऱ्या छोट्या डेटाबेसमध्ये) सेव्ह होईल असं केलं. शेजारी बसलेली मासळीवाली मावशी म्हणते, "फेरी मुखार दिसता मरे, मोबायल कित्याक?" (फेरी समोर दिसतेय की रे, मोबाईल कशाला?) काय सांगणार 😄 11:52 ला अपलोड झालं, आता गार झालेलं शीत-हुमण (भात नि माशांची आमटी) खातोय.