राखणीचे मिरे

श्रावणातली दुपार. संध्याकाळच्या आरतीची तयारी करायची म्हणून देवघरातली कापराची डबी उघडली, तर आत कापूर नव्हता. चार मिरे होते आणि वास होता. गेल्या गणपतीत भरलेली डबी, मधे कुणी हातसुद्धा लावलेला नाही. गेला तो आपल्या पायांनी गेला.

आजीच्या मते कापूर उंडगा, त्याला राखण लागते. म्हणून डबीत मिरे. पुढे शाळेत ‘संप्लवन’ हा शब्द आला. स्थायूचा एकदम वायू, मधे द्रव होण्याची भानगड नाही. उदाहरणं ठरलेली: कापूर, डांबरगोळ्या, आयोडीन. मी मोठ्या उत्साहाने सरांना मिऱ्यांबद्दल विचारलं. ते म्हणाले, “मिऱ्यांनी काय होणार? झाकण घट्ट लाव.” घरी येऊन हे आजीला ऐकवलं.

“लावते की,” ती म्हणाली. “मिरे घालूनच लावते.”

पुस्तकातल्या ‘अवस्थांतर’ या शब्दाशी माझं तेव्हापासून जमत नाही. घरात कशाचंच अवस्थांतर होत नसे. तूप पातळ व्हायचं, दूध आटायचं, आमटी आळायची, आणि पारा चोविसाच्या खाली उतरला की खोबरेल थिजायचं. मग बाटलीत झाडूची काडी खुपसून तेल उकरायचं, नाहीतर बाटली उन्हात ठेवून विसरून जायचं. कापूर मात्र उडायचा. वाफ होतो असं त्याच्याबद्दल कुणीच म्हणत नसे.

हे सगळं एकाच बैठकीत बघायला मिळायचं ते कल्हईवाल्याकडे. वर्षातून एकदा तो आमच्या वाड्याच्या अंगणात खड्डा करून भट्टी मांडायचा. भाता हलवायला मिळावा म्हणून आम्हा पोरांत मारामाऱ्या. तांब्याचं पातेलं सांडशीत धरून तो निखाऱ्यांवर फिरवायचा, तापलं की आत चिमूटभर नवसागर टाकायचा. भस्सकन पांढरा धूर उठायचा आणि नाक-डोळे झोंबायचे. त्या धुरातच तो कथलाची कांडी पातेल्याच्या पोटाला टेकवायचा. इतकी टणक कांडी, पण टेकताक्षणी तिचं पाणी व्हायचं. कापसाच्या बोळ्याने दोन हात फिरवले की काळवंडलेलं पातेलं आतून चांदीचं. मग बादलीत बुडवायचं आणि चर्र! कथील २३२ अंशांना वितळतं, तांब्याला १०८५ लागतात, म्हणून पातेलं जागच्या जागी राहतं. त्याला हे आकडे ठाऊक नसावेत. तो पातेल्याचा रंग बघायचा.

त्या धुराबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. नवसागर कापरासारखा उडत नाहीच. तापला की तो फुटतो. अमोनिया एकीकडे, हायड्रोजन क्लोराईड दुसरीकडे. तांब्यावरचा काळा गंज साफ होतो तो या दुसऱ्याच्या आम्लामुळे. आणि वर गार हवेत दोघे भेटले की पुन्हा नवसागर! म्हणजे आम्ही डोळे चोळत ज्याला धूर म्हणत होतो, ते नवसागराचेच बारीक कण होते. शाळेत वर्षानुवर्षं नवसागरही संप्लवनाच्या यादीत पाठ केलेला. सरांना आता कुठे गाठणार?

आजीलाही. तिला हे आवडलं असतं. अर्थात मिऱ्यांच्या बाबतीत तिने माघार घेतली नसतीच. ते चार मिरे तळहातावर घेऊन पाहिले. सुरकुतलेले, टणक, होते तेवढेच. राखण मात्र नावापुरतीच झाली म्हणायची. की झाकणच सैल होतं? एकदा दोन डब्या शेजारी ठेवून, एकीत मिरे घालून, एकीत न घालता, बघायला हवं. हे मी गेली तीस वर्षं म्हणतोय.

आरतीपुरत्या दोन वड्या शेजारच्या काकूंकडून आणल्या. पेटवल्या, संपल्या.

“रिकामी डबी कशाला परत ठेवतोयस?” बायको म्हणाली.

“रिकामी कुठाय?” मी मिरे आत टाकले आणि झाकण घट्ट लावलं.