तुम्ही विचारलंत म्हणून : पक्ष सोडून ‘अपक्ष’ होतात, म्हणजे नेमकं काय करतात?

नेत्याने पत्रकार परिषद घेतली, डोळे पुसले, ‘आजपासून मी अपक्ष’ म्हणाला, की दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न येतो. आमदारकी राहिली की गेली? आणि तिकीट कापलं गेलेल्याला अपक्ष म्हणून उभं राहायचं असेल, तर त्याला करावं तरी काय लागतं? निवडणुकीच्या कागदपत्रांत बसणाऱ्यांकडे याचं उत्तर थोडं कोरडं असतं. घोषणेने कोणी अपक्ष होत नाही. अपक्ष हा शब्द कायद्यात येतो तो उमेदवारी अर्जावर, किंवा अपक्ष म्हणून निवडून आल्यावर. मधल्या काळात माणूस एकतर पक्षाचा असतो, नाहीतर सदस्यच नसतो.

आधी निवडून आलेल्यांचं बघू. पक्षाच्या चिन्हावर आमदार झालेला माणूस सभागृहात बसूनच अपक्ष होऊ शकत नाही. 1985 साली राज्यघटनेत आलेलं दहावं परिशिष्ट म्हणतं की पक्षाचं सदस्यत्व स्वेच्छेने सोडलं तर अपात्र. त्यासाठी पक्षाचा राजीनामा लिहूनच द्यायला हवा असं नाही. हे ठरलं ते गोव्यातल्या रवी नाईक यांच्या प्रकरणात. 1994 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सोडण्याचा अर्थ राजीनाम्यापेक्षा मोठा आहे, वागण्यावरूनही तो काढता येतो. म्हणजे स्वतःच्याच पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध अर्ज भरणं किंवा प्रचाराला जाणं, हे कागदावर सही न करता सोडल्यासारखंच. विधान परिषदेची तीन-चार वर्षं शिल्लक असलेला सदस्य विधानसभेला बंडखोरी करतो तेव्हा हीच गोष्ट विसरतो. हातची परिषद पणाला लागलेली असते.

‘पण पक्षाने मलाच हाकललं, मग मी मोकळा ना?’ नाही. 1996 मध्ये तमिळनाडूच्या जी. विश्वनाथन प्रकरणात कोर्टाने तो दरवाजाही बंद केला. हकालपट्टी झालेला सदस्य ज्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आला, त्याच पक्षाचा धरला जातो. वृत्तपत्रांत त्याला ‘असंलग्न’ म्हणतात, परिशिष्टात तसा प्रकार नाही.

तेव्हा सरळ वाट एकच : आधी आमदारकीचा राजीनामा, मग नव्याने निवडणूक. इथेही लोक पत्ता चुकवतात. पक्षाध्यक्षाला किंवा मुख्यमंत्र्यांना दिलेला राजीनामा आमदारकीचा नसतो. तो विधानसभेच्या अध्यक्षांच्या नावे, स्वतःच्या सहीने, कारणांचं पाल्हाळ न लावता द्यायचा. तो स्वेच्छेने आणि खरा दिला आहे याची खात्री अध्यक्ष करतात, मग स्वीकारतात. 2019 मध्ये कर्नाटकात हाच घोळ झाला. राजीनामे स्वीकारण्याऐवजी अध्यक्षांनी त्या आमदारांना अपात्र ठरवलं आणि विधानसभेची मुदत संपेपर्यंत उभं राहता येणार नाही असंही लिहिलं. सुप्रीम कोर्टाने अपात्रता राखली, पण मुदतभराची बंदी उडवली. ते पोटनिवडणुकीला उभे राहिले.

हे झालं आमदारांचं. महाराष्ट्रात बहुतेक वेळा प्रश्न असतो तो तिकीट न मिळालेल्याचा, म्हणजे बंडखोराचा. त्याची खरी लढाई सभेत नव्हे, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर सुरू होते.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून त्याचं नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि ते दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. शेजारच्या तालुक्यातला जिवाभावाचा कार्यकर्ता सूचक घातला की अर्ज गेला. यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहिताना आकडा इकडचा तिकडे झाला तर तो दुरुस्त होतो, सूचकच मतदारसंघाबाहेरचा असेल तर होत नाही. अंगठा लावणारा सूचक असेल तर तो अंगठा अधिकाऱ्यासमोर लावावा लागतो, घरून लावून आणलेला चालत नाही. दहाही जणांना कार्यालयात नेण्याची गरज नाही. आत उमेदवार धरून पाचच जण सोडतात.

मुरलेला बंडखोर एका अर्जावर विसंबत नाही. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात. तो एक पक्षाच्या नावाने भरतो आणि दुसरा दहा सूचकांच्या सह्यांचा, अपक्ष म्हणून. कारण तिकिटाची मालकी ज्याच्यावर ठरते तो एबी फॉर्म, म्हणजे ‘हाच आमचा उमेदवार’ असं पक्षाचं पत्र, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी 3 च्या आत पोचायला हवा, तोही शाईच्या मूळ सहीचा. फोटोकॉपी, रबरी शिक्का, व्हॉट्सअ‍ॅपवरची प्रत, काही चालत नाही. फॉर्म आला नाही आणि अर्जावर सूचक एकच असेल, तर पक्ष नाही आणि अपक्षही नाही, छाननीत अर्ज बाद. दहा सूचक असतील तर तोच माणूस अपक्ष म्हणून जिवंत राहतो. ज्याच्या खिशात तिकीट आहे असं गावभर बोललं जातं, त्यानेही हा दुसरा अर्ज भरलेला बरा.

बाकी कागद सगळ्यांना सारखेच. नमुना 26 चं शपथपत्र, त्यात एकही रकाना रिकामा नको, लागू नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहायचंच. अनामत विधानसभेला 10,000, लोकसभेला 25,000, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. ती रोख किंवा कोषागारातल्या चलनाने, धनादेश घेत नाहीत. (चिल्लरीची पोती घेऊन येणारे अपक्ष दर निवडणुकीत असतात. मोजायला वेळ लागतो, फोटो मिळतो, मत मिळत नाही.) दुसऱ्या मतदारसंघाचा मतदार असेल तर यादीची प्रमाणित प्रत. आणि शपथ! अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत शपथ घ्यावी लागते. सभेच्या गडबडीत ती राहून गेली तर कागद कितीही चोख असोत, अर्ज फेटाळला जातो.

मग येतो माघारीचा दिवस. 2024 च्या विधानसभेला अर्जाची शेवटची तारीख 29 ऑक्टोबर होती, माघारीची 4 नोव्हेंबर, आणि मध्ये दिवाळी. फराळाच्या निमित्ताने कोण कोणाच्या घरी जातंय, यावर वार्ताहर नजर ठेवून होते. बंड थंड करायला मुदत दुपारी 3 पर्यंतची. माघार लेखी, उमेदवाराने स्वतः किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या सूचकाने वा निवडणूक प्रतिनिधीने द्यायची, आणि एकदा घेतली की परत घेता येत नाही. 3 वाजून गेले आणि नेता ‘नॉट रिचेबल’ राहिला, म्हणजे तो उभा राहिला. कोल्हापूर उत्तरमध्ये त्या दिवशी उलटंच घडलं. काँग्रेसने राजेश लाटकर यांना दिलेली उमेदवारी बदलून मधुरिमाराजे छत्रपतींना दिली होती, लाटकर अपक्ष म्हणून ठाम राहिले, आणि अखेरच्या क्षणी माघार घेतली ती अधिकृत उमेदवारानेच. पक्षाचा हात मतपत्रिकेवरून गेला, आणि काँग्रेसला कुकर चिन्हाच्या अपक्षामागे उभं राहावं लागलं. लाटकर हरले, पण वेळापत्रक काय करू शकतं ते दिसलं.

3 नंतर चिन्हवाटप. खरी दमछाक इथून. अपक्षाने अर्जात मुक्त चिन्हांपैकी तीन पसंतीक्रमाने लिहिलेली असतात. एकच चिन्ह दोघांनी मागितलं तर नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाचा उमेदवार पुढे, अपक्ष मागे, आणि दोन अपक्षांत चिठ्ठी. म्हणून पहिली पसंती लिहिताना आपल्याला काय आवडतं हे बघायचं नसतं. तीन गोष्टी बघायच्या. अक्षरओळख नसलेल्या आजीला ते चित्र लांबून कळतं का, बोलीत त्याला एकच नाव आहे का, आणि दुसऱ्या कोणाच्या चिन्हासारखं ते दिसत नाही ना. तिसरी गोष्ट किती महाग पडते ते साताऱ्यात दिसलं. 2024 च्या लोकसभेला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हाचे, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे उमेदवार शशिकांत शिंदे 32,771 मतांनी हरले, आणि नुसत्या पिपाणीच्या चिन्हावर उभ्या असलेल्या अपक्षाला 37,062 मतं पडली. नावाचंही तसंच. 2014 ला रायगडमध्ये सुनील तटकरे 2,110 मतांनी पडले, तेव्हा दुसऱ्या एका सुनील तटकऱ्यांनी 9,849 मतं घेतली होती. बंडखोराने आपल्या नावाचे आणखी किती अर्ज आलेत हे छाननीच्या दिवशीच मोजून घ्यावं.

यंत्रावरची जागाही त्याच्या विरुद्ध. क्रम तीन गटांत लागतो : मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. एका मतदान यंत्रावर 16 बटणं, शेवटचं नोटाचं. उमेदवार पंधराच्या वर गेले की दुसरं यंत्र जोडतात आणि अपक्ष त्यावर जाऊन बसतो. मग प्रचारात चिन्हाबरोबर अनुक्रमांकही घोकून घ्यावा लागतो : ‘दुसरं यंत्र, वरून तिसरं बटण’. माघारीपासून प्रचार संपेपर्यंत हाती जेमतेम दोन आठवडे असतात. तेवढ्यात वर्षानुवर्षं रुजलेल्या चिन्हाला विसरवायचं.

पैशाचं गणितही सारखं नसतं. खर्चाची मर्यादा सारखीच, विधानसभेला 40 लाख, लोकसभेला 95 लाख. पण पक्षाचे स्टार प्रचारक, मान्यताप्राप्त पक्षाला 40 पर्यंत, त्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या वहीत येत नाही. अपक्षाला स्टार प्रचारकच नाहीत. मुंबईहून कोणी मोठा माणूस हेलिकॉप्टरने आला तर ते हेलिकॉप्टर अपक्षाच्याच 40 लाखांत. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मतदारयादी फुकट, अपक्षाने विकत घ्यायची. पक्षाला देणगी देणाऱ्याला आयकरात सवलत, अपक्षाला देणाऱ्याला नाही, त्यामुळे गावातला व्यापारी रोख देऊ बघतो आणि मग हिशेबाच्या वहीत ती रक्कम कुठे दाखवायची हा घोळ. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा. हरलेला अपक्ष तो द्यायला विसरतो आणि तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवायलाच अपात्र ठरू शकतो.

आणि बूथ. महाराष्ट्रात एका विधानसभा मतदारसंघात साधारण साडेतीनशे मतदान केंद्रं. प्रत्येकावर एक एजंट आणि त्याच्या जेवणाच्या वेळेला बदली, म्हणजे सातशे माणसं. खोलीत एजंटांची बसायची जागाही ठरलेली, राष्ट्रीय पक्ष आधी, अपक्ष शेवटी. 7 ला मतदान असेल तर साडेपाचला अभिरूप मतदानाला, म्हणजे यंत्राच्या चाचणीला, एजंट हजर हवा. संध्याकाळी केंद्राध्यक्ष 17-सी नमुन्यावर एकूण मतांचा आकडा लिहून प्रत देतात, ती फक्त हजर एजंटालाच मिळते. मोजणीच्या दिवशी त्या आकड्याशी ताळा घ्यायचा असतो. बंडखोराची ताकद भाषणात नव्हे, इथे कळते. पक्ष सोडताना त्याच्याबरोबर बूथवाले आले का?

सांगलीत 2024 ला ते आले. जागा महाविकास आघाडीत शिवसेनेला, म्हणजे ठाकरे गटाला गेली होती. विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, चिन्ह लिफाफा. ते वसंतदादांचे नातू, आणि काँग्रेसची तालुक्यातालुक्यातली माणसं लिफाफ्यामागे गेली. ते लाखाहून जास्त मतांनी निवडून आले आणि आघाडीच्या अधिकृत उमेदवाराची अनामत जप्त झाली. (एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशापेक्षा कमी पडली की ती जाते.) पण हे उदाहरण सांगून कोणी हुरळू नये. 1995 च्या विधानसभेत 45 अपक्ष निवडून आले होते, 2019 ला 13, आणि 2024 ला दोनच : जुन्नरचे शरद सोनवणे आणि चंदगडचे शिवाजी पाटील.

पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत मात्र अपक्ष असणं इतकं जड जात नाही. तिथल्या मतपत्रिकेवर चिन्हंच नसतात, पसंतीक्रम लिहायचा असतो. 2023 ला नाशिक पदवीधरमध्ये सत्यजीत तांबे अपक्ष म्हणून निवडून आले तेव्हा त्यांना चिन्ह पोचवायचं नव्हतं, नाव आधीच पोचलेलं होतं.

सहा वर्षांच्या निलंबनाचंही विचारतात. तो पक्षाच्या घटनेचा विषय आहे, कायद्याचा नाही. हवं तेव्हा मागे घेता येतं, आणि जिंकल्यावर फार लवकर घेतलं जातं.

मात्र जिंकलेल्या अपक्षाने परत जाताना जपून जावं. अपक्ष म्हणून निवडून आलेल्याने कोणत्याही पक्षात प्रवेश केला, अगदी मूळच्या पक्षात, तरी तो अपात्र. हरियाणात 2004 मध्ये अपक्ष आमदार काँग्रेसमध्ये गेल्याचं धरून अध्यक्षांनी त्यांना अपात्र केलं. पुराव्यात दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीची चित्रफीत होती, आणि 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निर्णय कायम ठेवला. म्हणून विशाल पाटलांनी दिल्लीला जाऊन खर्गेंना दिलं ते पाठिंब्याचं पत्र. काँग्रेसने आपला आकडा 99 चा 100 सांगितला, पण लोकसभेच्या नोंदीत ते अपक्षच आहेत. पत्रात ‘पाठिंबा’ लिहायचं, ‘प्रवेश’ नाही, आणि कोणी गळ्यात पक्षाचं उपरणं घालायला आलं तर हात जोडून ते हातातच घ्यायचं. महापालिकेत नियम थोडा सैल आहे. तिथे निकालाच्या अधिसूचनेपासून महिन्याच्या आत अपक्षांना आघाडीत सामील होता येतं आणि गटाची नोंद विभागीय आयुक्तांकडे होते.

राज्यसभेच्या मतदानात मात्र अपक्ष आमदाराला एक गोष्ट नेमकी उलटी करावी लागते. पक्षाच्या आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते, अपक्षाने कोणालाच दाखवायची नसते. पाठिंबा दिलाय म्हणून कौतुकाने त्या पक्षाच्या प्रतिनिधीसमोर घडी उघडली, तर ते मत बाद.