पौषातला बाजार आणि आईची मजुरी

संक्रांत उरकली की आमच्या शाळेत आनंद बाजाराचे वारे वाहायला लागायचे. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव, साल १९८८ च्या आसपासचं. मैदानावर फक्कीने रेघा मारून गाळे आखायचे, घरून गोणपाटं आणायची आणि पोरांनी दुकानं मांडायची. गाव गिऱ्हाईक म्हणून यायचं. वर्षभरातला हा दिवस मला गॅदरिंगपेक्षाही आवडायचा.

आदल्या दिवशी सर प्रत्येकाचा तराजू हातात धरून बघायचे. रिकामी पारडी एका रेषेत आहेत का, पासंग, म्हणजे पारडी सारखी करायला बांधलेलं वजन, कुठे आहे, तो कशासाठी बांधलाय, हे विचारायचे. गावात 'काटा मारणारा' कोण ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे समजावून सांगायची गरजच पडत नसे. कुणाच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा सापडला तर सर तो सगळ्यांसमोर त्याच पोराकडून काढून घ्यायचे. ओरडायचे नाहीत.

मग पारावर बसवून कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट सांगायचे. सातारा जिल्ह्यातल्या शाळेत ती गोष्ट दर वर्षी ऐकूनही शिळी होत नाही. ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर विकत हा माणूस गावोगाव फिरला. १९१९ मध्ये त्याने रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहिली, स्वतः राबून शिकली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहायचो. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही दिलं, इथपर्यंत आले की सरांचा आवाज खाली यायचा.

मी आणि माझी मैत्रीण, आम्ही शेंगदाण्याचे लाडू केले. सरांनी स्वतःच्या खिशातून भांडवल म्हणून ८ रुपये दिले होते, त्यातून गूळ, वेलची आणि पुडीचे कागद आणले. शेंगदाणे घरचे. आईने दुपारी शेतावर न जाता ते भाजले, कुटले, आमच्याकडून वळून घेतले. ८० लाडू, लाडू ५० पैशाला. बाजार सुटायच्या आत परात रिकामी! पाच पैशाची चौकोनी, दहा पैशाची नागमोडी कडेची, वीस पैशाची सहा कोनांची, अशी नाणी गोणपाटावर वेगवेगळी लावून आम्ही मोजत बसलो. सरांचे आठ परत केले की उरलेलं सगळं आपलं, अशी आमची समजूत.

दुसऱ्या दिवशी हिशेबाचा तास. बाजारापेक्षा मला आज तोच जास्त आठवतो. सरांनी फळ्यावर आमचा हिशेब घेतला. विक्री ४० ची, पण हातात ३७, कारण सहा लाडू आम्ही 'उद्या देते' म्हणणाऱ्या मैत्रिणींना दिलेले. "उधारी निराळी लिही," सर म्हणाले. मग विचारलं, "शेंगदाणे कुठून आणले?"

"घरचे आहेत सर."

"घरचे म्हणजे फुकटचे का गं?"

दुकानचा भाव धरून त्यांनी २२ रुपये मांडले. गुळाचे आणि वेलचीचे ८. राहिले १०. आम्ही पाच-पाच वाटून घ्यायला निघालो तेवढ्यात सर म्हणाले, "आणि आईची अर्ध्या दिवसाची मजुरी?" वर्गात कुणी बोललं नाही. आईच्या कामाला मजुरी असते हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात तोवर आलेलं नव्हतं. सरांनी ५ रुपये लिहिले. उरलेल्या पाचांत आमचे अडीच-अडीच, तेही उधारी वसूल झाली तर. ते अडीच रुपये मी शाळेच्या संचयिकेत, म्हणजे पोरांच्या बचत बँकेत, भरले आणि पासबुकावर शिक्का घेतला.

त्या दिवशी सगळ्यात जास्त नफा कुणाला झाला असेल? एका पोराने मैदानाच्या कडेला सायकलचे पंक्चर काढले होते. विक्री आमच्या निम्मीसुद्धा नव्हती, पण खर्च नुसता सोल्युशनचा आणि जुन्या ट्यूबच्या तुकड्यांचा. भांडवल कमी आणि हातात कसब, म्हणजे काय होतं ते तेव्हा कळलं. पुढे बचतगटाचे हिशेब लिहिताना मला कितीदा तरी तो फळा आठवला आहे.

पाच रुपये मी संध्याकाळी आईच्या हातावर ठेवले. तिने नोट उलटसुलट पाहिली, पदराला बांधली आणि काही न बोलता भाकऱ्या थापायला बसली. पुढच्या वर्षी मात्र मी लाडवांचा विषय काढताच म्हणाली, "औंदा मजुरी आधी ठरव, मगच शेंगा फोडते."

बाजार अजून भरतो. मी सुट्टी काढून जाते. गाळ्यांवर आता घरच्यांच्या मोबाइलचे क्यूआर कोड चिकटवलेले असतात. पैसे न दिसताच जमा होतात, म्हणून मी पोरांना विक्री वहीत लिहायचा आग्रह धरते. बरोबर आई असते. ती प्रत्येक गाळ्यावर भाव विचारते, घासाघीस करते, घेते एकच पुडी, आणि निघताना विचारते, "आईला किती दिलंस?"

यंदा एका पोरीने तिला थांबवलं. "आजी, वडे पप्पांनी तळल्यात."

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "आगं मग त्याला दे की! आन् तेल किती लागलं, ते लिवलंस का?"